मफलर

धाकट्यानं फोनवर सांगितलं, "आई, तू येशील तोवर माझे मफलर येऊन पडलेले असतील." मी म्हटलं, मे महिन्यात कशाला रे मफलर? डेट्रॉइटला थंडी फार, हे ऐकून होते. पण मेमध्येसुद्धा गळ्याला गुंडाळायला लागतं म्हणजे कमालच झाली. आमच्या मामंजींचा एक तपकिरी लोकरीचा मफलर अजून पेटीत होता. बेळगावच्या डिसेंबरात ते तो कानांवरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारत आणि सकाळी सातला कारखान्यात जात. कडुनिंबाच्या पाल्यातून तो बाहेर काढला, दोन दिवस उन्हात टाकला आणि बॅगेत भरला.

तिथं पोचल्यावर उलगडा झाला. गाडीच्या ज्या भागाला आपण सायलेन्सर म्हणतो, त्याला तिकडे मफलर म्हणतात. गॅरेजमध्ये एक लांबलचक खोकं पडलं होतं. त्यात स्पंजात गुंडाळलेले दोन चकचकीत स्टीलचे डबे, त्यांना वाकडे पाइप आणि टोकाला चार बोटं रुंद तोंडं. मी बॅगेतून मामंजींचा मफलर काढून दाखवला तेव्हा पोरगा खोक्यावर बसून पोट धरून हसला. मग तो मफलर हातात घेऊन त्यानं वास घेतला. "अजून कारखान्याचा वास येतो गं," म्हणाला. मला तरी कडुनिंबाचाच येत होता.

गाडी म्हणजे फोर्ड कंपनीची मस्टँग. २०१२ सालची, जुनी विकत घेतलेली, राखी रंगाची. पुढच्या जाळीवर धावता घोडा. दारं दोनच, त्यामुळे मागच्या सीटवर बसायचं म्हणजे माझ्यासारखीनं आधी दोन्ही गुडघ्यांची परवानगी काढायची. ही गाडी लोकांना पहिल्यांदा दाखवली १९६४ च्या एप्रिलमध्ये, न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात. आता ती डेट्रॉइटजवळच फ्लॅट रॉक नावाच्या गावी तयार होते. तिथं राहून ती घेतली नाही तर कोल्हापुरात राहून चप्पल न घेतल्यासारखं होईल, असं त्याचं म्हणणं. इंजिन पाच लिटरचं, आठ सिलिंडरचं. आमच्या घरच्या गाडीचं सव्वा लिटरचं आहे आणि ते आम्हाला आजवर श्रवणबेळगोळापासून गोव्यापर्यंत कुठंही कमी पडलं नाही, हे मी त्याला ऐकवलं. "आई, ते कमी पडायचा प्रश्नच नाही," तो म्हणाला. मग प्रश्न कसला, ते मात्र त्यानं सांगितलं नाही.

नवे मफलर कशासाठी, तर आवाज वाढावा म्हणून! सातशे डॉलर मोजून! त्या दिवशी मी काही बोलले नाही, पण रात्री झोप लागली नाही. ज्या घरात आवाजानं माणसाचे कान नेले, त्या घरातला मुलगा पैसे देऊन आवाज विकत आणतो, हे मला सोसेना.

आमचा कारखाना उद्यमबागेत होता. लहानशी फाउंड्री आणि तिला लागून मशीनशॉप. पंपांची कव्हरं, व्हॉल्व्हच्या बॉड्या असं किरकोळ ओतकाम. मागं आमचं घर, मध्ये फक्त एक चिंचेचं झाड. लग्न होऊन आले तेव्हा पहिले सहा महिने मला वाटायचं, माझ्या डोक्यातच कुणीतरी काहीतरी घासतंय. सँडब्लास्टिंग, ग्राइंडर, साच्यातनं काढलेल्या कास्टिंगवर पडणारे हातोडे. पुढं सवय झाली. यांनाही झाली. आवाजाची सवय झाली असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा कान गेलेले असतात, हे तेव्हा कोण सांगणार? कानात घालायचे बोळे यायचे, कामगार ते कपाटात ठेवायचे आणि मालकही ठेवायचे. पन्नाशीत यांना दाराची बेल ऐकू येईना. साठीत फोनवरचं बोलणं कळेना. आता दोन्ही कानांत यंत्रं आहेत. समोरासमोर बोललं तर ओठ बघून निभावतं. फोनवर मात्र हे सगळ्यालाच "हां, हां, बरोबर" म्हणतात. धाकटा एकदा म्हणाला, "मी अप्पांना ताप आलाय सांगितलं, तर ते बरं झालं म्हणाले."

आणि लोडशेडिंगच्या दिवसांतलं ते डिझेल इंजिन. ते तर सगळ्यांचा बाप. वीज गेली की हँडल मारून ते सुरू करायचं. आधी धाड, मग थांबून धाड, मग धाडधाडधाड. काळा धूर चिंचेवरून जाऊन थेट आमच्या गच्चीवर. एकदा सासूबाईंचे उडदाचे पापड वाळत होते, चार किलो पिठाचे. संध्याकाळी काढायला गेल्या तर पापडांवर काजळीची बारीक भुकटी. त्यांनी पापडांचं ताट नेऊन मामंजींच्या ऑफिसातल्या टेबलावर ठेवलं आणि एक शब्द न बोलता परत आल्या. दुसऱ्या दिवसापासून यांनी इंजिनाचा सायलेन्सर करायला घेतला. भिंतीपलीकडं खड्डा खणला, त्यात दोनशे लिटरचं पत्र्याचं पिंप पुरलं, आत फुटक्या विटा भरल्या आणि इंजिनाचा धुराचा पाइप त्यात सोडला. पिंपाच्या दुसऱ्या बाजूनं एक उंच पाइप वर काढला. धूर विटांमधनं वाट काढत जाईतो त्याचा दम निघे. धाडधाड होतं तिथं गुबगुब उरलं. तेव्हा धाकटा सात वर्षांचा होता. विटांचे तुकडे एकेक करून त्यानंच आत टाकले होते. वीज गेली की पोरगा अभ्यास सोडून त्या पाइपाजवळ जाऊन बसायचा. मी ओरडायचे, धूर नाकात जातोय म्हणून.

याला मेकॅनिकलची डिग्री मिळाली तेव्हा यानं सरळ सांगितलं होतं, "अप्पा, मी कारखान्यात येतो." हे म्हणाले, "या धुरात नको. जा तू." स्वतः पैसे उभे करून अमेरिकेला पाठवला. थोरला आधीच बंगळुरूला गेलेला. पुढं कान गेले, कामगार मिळेनात, सांधे धरले. २०१९ साली यांनी कारखाना विकला. विकण्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. पण मुलांना सांगितलं ते सह्या झाल्यावर. धाकटा फोनवर एवढंच म्हणाला, "ते डिझेल इंजिन तेवढं ठेवा." इंजिन तेव्हाच मोडीत गेलं होतं, किलोवर. मी ते त्याला सांगितलं. यांनी नाही सांगितलं, मलाच सांगायला लावलं. त्यानंतर बापलेकांचं बोलणं तब्येत आणि हवामान यांच्या पलीकडं गेलं नाही. ऐकू न येण्याची सबब दोघांनाही सोयीची होती.

त्या शनिवारी सूनबाई ऑफिसच्या कामासाठी दुसऱ्या गावी होती. सकाळी आठला मी गॅरेजमध्ये डोकावले तर हा गाडीचं बूड जॅकवर उचलून खाली शिरायच्या बेतात.

"काय करालास रे?"

"काही नाही, दोन तासांचं काम आहे. तू आत जा, धूळ आहे इथं."

मी आत गेले नाही. फाउंड्रीवाल्याच्या घरात तीस वर्षं काढली, एवढं मला कळतं की नुसत्या जॅकच्या भरवशावर वजनाखाली जायचं नसतं. जॅकमधलं तेल एका वायसरनं दगा दिला तरी उतरतं. आमच्याकडं एकदा चेनपुली निसटली होती, त्यात एका चांगल्या माणसाची दोन बोटं गेली. तो अजून दिवाळीला घरी येतो, उजव्या हातानं नमस्कार करतो, तेव्हा माझी नजर खाली जाते. मी म्हटलं, "स्टँड कुठं आहेत?" स्टँड होते, पण कोपऱ्यात. लोखंडी तिपाईसारखे, उंची कमीजास्त करता येणारे. ते दोन्हीकडं लावून घेतले. पुढच्या चाकांना लाकडी पाचर लावली. तेवढ्यानंही माझं समाधान झालं नाही, म्हणून हिवाळ्याच्या टायरांची भिंतीशी रचलेली चळत होती, त्यातली दोन चाकं ढकलत आणून गाडीच्या कडेखाली आडवी टाकली. सगळं निसटलंच तर चाकांवर पडेल, पोरावर नाही. मग गाडीला दोन्ही हातांनी हलवून बघितलं. हलली नाही. तोवर जॅकच्या चाकापाशी फटीतून निघालेली मुंग्यांची रांग दिसली, ती पुठ्ठ्यानं बाजूला वळवली. पोरगा कमरेवर हात ठेवून हे सगळं बघत होता. "झालं?" म्हणाला. मी म्हटलं, "झालं. आता चष्मा लाव आणि जा खाली. बॅटरी मी धरते."

गाडीखालचं जग मी प्रथमच बघितलं. वरून चकाचक आणि खालून गंजलेलं. तिथं हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळायला मीठ टाकतात, खंडीनं टाकतात. डेट्रॉइट शहराच्या पोटातच मिठाची खाण आहे, हजार फुटांपेक्षाही खोल. ते मीठ गाडीच्या बुडाला चिकटतं आणि लोखंड खातं. आपण लोणच्याच्या बरणीला लोखंडाचा चमचा लावत नाही, ते काही उगाच नाही. जुन्या मफलरला पाइपाशी बांधणाऱ्या पट्ट्याचा नट गंजून दगड झाला होता. त्यावर गंज सोडवायचं तेल आदल्या रात्रीच मारून ठेवलं होतं, तरी उजवीकडचा सुटला आणि डावीकडचा हटून बसला. तो तसा लटकलेला असताना मी विचारलं, "हे सगळं काढून टाकणार? धुरातलं विष गाळायचं ते पण?"

"नाही गं. ते पुढं आहे, इंजिनाच्या जवळ. त्याला हात लावत नाही."

मग झोपूनच त्यानं मला समजावलं. इंजिनातनं निघालेला धूर आधी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाच्या डब्यातनं जातो. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची वीट असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा महाग धातूंचा पातळ थर. विषारी वायू त्या थराला लागून जाताना निवतात. तिकडं १९७५ च्या मॉडेलांपासून ते बसवायला लागले. आपल्याकडं १९९५ मध्ये चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना आले. शिसं घातलेलं पेट्रोल त्याला चालत नाही, म्हणून बिनशिशाचं पेट्रोलही त्याच्याबरोबरच आलं. ते काढणं तिथं बेकायदा आहे. काढतात ते चोर, त्या धातूंपायी, रात्री करवतीनं कापून नेतात. "माझं काम फक्त मागच्या चाकांच्या मागचं," तो म्हणाला. "धूर तेवढाच राहणार. आवाज तेवढा बदलणार." म्हणजे पापडांवर काजळी पडणार नाही. माझा अर्धा राग त्या वेळी उतरला. उरलेला अर्धा कानांचा होता.

डावीकडचा नट शेवटी सुटलाच नाही, तो कापला. ठिणग्या उडाल्या तेव्हा पाण्याची बादली मी शेजारी ठेवली होती आणि तिकडं पेट्रोलच्या टाकीकडं ओला गोणपाट धरून उभी होते. आमच्या मशीनशॉपमध्ये यांनी घालून दिलेला नियम. ग्राइंडर लावायचा तर आधी पाणी, मग वीज. पुढं जुने मफलर रबरी कड्यांतनं काढायचे. मफलर गाडीला घट्ट बसवलेले नसतातच मुळी, ते रबराच्या जाड कड्यांत टांगलेले असतात, नाहीतर इंजिनाची थरथर थेट सीटवर यायची. हे मला ठाऊक नव्हतं. पण दहा वर्षांचं रबर म्हणजे काय हे मिक्सरच्या वायसरवरून कुठल्याही बाईला ठाऊक असतं. तो ओढतोय, दात खातोय, शिव्या गिळतोय. मी स्वयंपाकघरातनं भांड्यांच्या साबणाचं पाणी वाटीत आणून दिलं. दोन मिनिटांत कडं सरकलं.

जुना मफलर खाली आला तो माझ्या अंदाजापेक्षा जड. धडी-दीड धडी. उजव्याच्या शिवणीला गंजून भोक पडलं होतं, बोट जाईल एवढं. नवा त्याच्यापुढं हलका, आणि एका टोकाला डोळा लावला तर दुसऱ्या टोकाचा उजेड सरळ दिसत होता. मधल्या नळीला भोकं आणि भोवती तंतूंचं भरण, बस्स. म्हणजे अडवणारं फारसं काही नाही. माझ्या मनात आलं, यांनी विटा भरल्या आणि यानं विटा काढल्या.

नवे बसवताना मात्र त्याची घाई मला आवडली. म्हणजे घाई नव्हती, तेच आवडलं. दोन्ही बाजूंचं सगळं आधी सैल टांगून घेतलं. मग मी गाडीच्या मागं दहा पावलांवर उभी राहून सांगायचं, उजवं तोंड खाली आहे, डावं जरा बाहेर. पाइपाचं तोंड बंपरला टेकलं तर प्लास्टिक वितळतं, म्हणून चारी बाजूंनी बोटभर जागा सोडायची. निऱ्या सगळ्या घालून झाल्याशिवाय आपण खोचत नाही, तसं सगळं सारखं झाल्यावर मगच पुढून मागं एकेक पट्टा आवळत आला.

तोवर अकरा वाजले. बेळगावात रात्रीचे साडेआठ. यांचा व्हिडिओ कॉल यायची वेळ. मी फोन गॅरेजच्या फळीवर टेकवून ठेवला. हे चष्मा कपाळावर चढवून बघायला लागले. "काय चाललंय? गाडी मोडली काय?" धाकटा खाली होता. मी ओठ हलवून सांगितलं, सायलेन्सर बसवतोय, स्वतः. यांचा चेहरा क्षणभर काही कळेना असा झाला. मग म्हणाले, "फोन खाली धर. मला दिसंना झालंय."

इंजिन सुरू करायचं तर गॅरेजचं दार पूर्ण उघडं हवं, तो धूर बंद जागेत माणूस मारतो. दार उघडलं. गाडी अजून स्टँडवरच. तो आत बसून चावी फिरवायच्या आधी मी मामंजींचा मफलर कानांवरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारली.

काय सांगू तुम्हाला? आधी एक भुंकल्यासारखा आवाज, आणि मग रांजणात कुणी घागर उपडी करतंय तशी गुडगुड, सारखी नाही, अडखळत, मध्येच दोन घोट एकदम. भिंतीवर टांगलेले पाने किणकिणले. माझ्या छातीत ती गुडगुड उतरली. पत्र्यावरचं तेल जळून थोडा निळसर धूर निघाला, पहिल्यांदा निघतोच म्हणे. फोनमध्ये हे काहीतरी बोलत होते. मी फोन जवळ घेतला.

"डावीकडं गळतंय," हे म्हणाले.

ज्याला दाराची बेल ऐकू येत नाही, तो माणूस तेरा हजार किलोमीटरवरून सांगतोय डावीकडं गळतंय! धाकट्यानं इंजिन बंद केलं. "आई, अप्पांना विचार, कसं कळलं?"

हे प्रश्न न ऐकताच सांगायला लागले होते. "डाव्या पट्ट्यापाशी धूर दिसला मला. मागनं निघाला पाहिजे, मधनं कसा निघेल? साबणाचं पाणी लावा. ऐकू येत नाही मला, पण फेस दिसतो."

गॅसची शेगडी बदलल्यावर नळीला साबणाचं पाणी लावून मी किती वेळा बघितलंय. पण हे डोक्यात आलं नव्हतं. मघाचीच वाटी होती. पाइप निवायला दिला, मग डाव्या सांध्यावर पाणी फासलं, इंजिन पुन्हा लावलं. पट्ट्याच्या खालच्या अंगानं बारीक बुडबुडे फुगून फुटायला लागले. मी फोन तिथं धरला. "दिसलं काय?" हे म्हणाले. "नट आवळू नको अजून. आधी पट्टा फिरव. पाइप आत कमी गेलाय, पट्टा कडेवर बसलाय."

धाकट्यानं इंजिन बंद करून पट्टा सैल केला. खरंच पाइप बोटभर बाहेर राहिला होता. तो आत रेटला, पट्टा मागं घेतला, आवळला. पुन्हा पाणी. बुडबुडे नाहीत. गाडीखालून हात तेवढा बाहेर आला, फोनकडं अंगठा करून. हे हसले. किती दिवसांनी हसले ते मी मोजलं नाही. मग यांनी मला विचारलं, "हा माझ्या अण्णांचा मफलर न्हवे? कानाला का बांधलायस?" मी गाठ सोडली नाही, नुसती मान हलवली. "एवढा आवाज आहे होय," हे म्हणाले. आणि मग धाकट्याला उद्देशून, त्याला ऐकू जावं म्हणून, स्वतःला ऐकू येत नसलेल्या आवाजात ओरडून, "तू कानात बोळे घालत जा रे! मी घातले न्हाईत!"

त्यानंतर मी त्याच्यावर माझा राग काढायचा प्रश्नच उरला नाही, जे बोलायचं ते बोलून झालं होतं. त्यानंही त्याच दुपारी जाऊन बोळ्यांचा डबा आणला.

आवाजाचं भांडण मात्र संपलं असं नाही. समोरच्या घरात एक नर्स राहते. रात्रपाळी करून ती सकाळी सातला येते आणि हा साडेसातला निघतो. आपल्या हौसेनं दुसऱ्याची झोप मोडायची, हे माझ्याच्यानं बघवेना. आमच्या घरात पाणी गाळून प्यायचं शिकवलं, मग आवाज न गाळता शेजाऱ्याच्या कानात कसा ओतायचा? मी त्याला तिच्याकडं जायला लावलं. ती बिचारी हसून म्हणाली, चालतं. पण हे "चालतं" मी उद्यमबागेत पुष्कळ ऐकलं आहे. आता तो गाडी रस्त्यावर उतरती ठेवतो, इंजिन तापवत बसत नाही, कोपऱ्यापर्यंत पायही देत नाही. तेवढ्यानं तिची झोप वाचते की नाही, कोण जाणे. मी जाताना तिला बेसनाच्या वड्या देऊन आले.

पुढच्या शनिवारी सकाळी नाश्ता झाल्यावर त्यानं भोक पडलेला जुना मफलर गॅरेजमध्ये आणून ग्राइंडरनं उभा चिरला. बोळे घालून, पाण्याची बादली ठेवून. दुसरा चांगला होता तो फळीवर ठेवून दिला. तिकडं संध्याकाळचे सात. यांचं जेवण, फिरणं सगळं झालेलं. या वेळी कॉल यांनी नाही केला, यानं केला. चिरलेला मफलर कॅमेऱ्यापुढं धरला. आत पत्र्याच्या आडव्या भिंती, भिंतीभिंतीत कप्पे, एका कप्प्यातनं दुसऱ्यात जायला भोकांची नळी, आणि तिथनं परत मागं यायला दुसरी. हे स्क्रीनच्या एवढे जवळ आले की मला नुसतं कपाळ दिसत होतं. "आवाज आत जाऊन स्वतःवरच आपटतोय बघ," हे म्हणाले. "हा कप्पा रिकामा का सोडला असेल?" धाकट्यानं कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं. यांनी तिकडं वहीत काहीतरी काढून दाखवलं. ऐकू येण्याची गरजच नव्हती. मी मध्ये स्टुलावर बसून होते, माझी कुणालाच आठवण नव्हती.

बऱ्याच वेळानं हे म्हणाले, "आपल्या पिंपात असे कप्पे केले असते तर विटा लागल्या नसत्या." मग थांबले. चष्मा काढून पुसला. "इंजिन गेलं. मी विचारायला पाहिजे होतं तुला. पिंप मात्र काढलेलं न्हाई. भिंतीपलीकडं तिथंच असेल. नव्या मालकाला माहीतसुद्धा नसेल."

धाकटा काही बोलला नाही. मग त्यानं कागद उलटा केला आणि मागं लिहिलं, विटा किती घातल्या होत्या?

"तू टाकत होतास, मी मोजत होतो," हे म्हणाले, आणि बोटांवर काहीतरी जुळवायला लागले. मी कणीक मळायला उठले.